पीळ

डॉक्टरीणबाईंनी टेबलाच्या कोपऱ्यातलं ओलं फडकं उचललं,
दोन्ही टोकांना धरून एकदा फिरवलं.
म्हणाल्या, "पोटाचं असं झालं."
एक थेंब लादीवर पडला.
मी त्या थेंबाकडेच बघत राहिले,
कारण टेबलावर त्रिगु होता.

त्रिगु म्हणजे आमच्याकडे गहू.
रंग तसाच, कापणीच्या आठवडाभर आधीचा.
नाव अल्बानोनं ठेवलं.
सबंध आयुष्यात त्याच्या हातून
एवढंच कवित्व घडलं.

रात्री साडेनऊला तो अंगणात फेऱ्या घालत होता.
बसे, उठे, पुन्हा बसे.
ओकाऱ्या काढी, बाहेर नुसता फेस.
मला वाटलं, वारा धरलाय.
बडीशेपेचं पाणी पाजलं,
रुई तान्हा असताना त्याला पाजायचे तसंच.
मग भांडी घासली.
मेंढ्या मोजल्या, एकसष्ट.
पुन्हा मोजल्या.
हे सगळं करायला वेळ होता मला.
मग त्याच्या कुशीवर टिचकी मारली
तर आतून रिकाम्या पिंपासारखा आवाज आला.

गोव्हेयापर्यंत घाट आहे.
अल्बानो वळणं घेत होता
आणि मी मागे, मांडीवर ते एवढं मोठं डोकं.
दर वळणाला तो माझ्याकडे बघायचा,
गाडी मीच हलवतेय
आणि सांगितलं तर थांबवीन, असं.

"खोल छातीच्या कुत्र्यांना होतं कधीकधी.
तुमची चूक नाही."
ते 'कधीकधी' मी घरी घेऊन आले.
संध्याकाळी ताकात बुडवलेला पाव त्यानं अधाशासारखा खाल्ला होता.
वर मीच त्याला पिटाळलं होतं
चुकार मेंढीमागे, चढणीवर.
कधीकधी म्हणजे त्यामुळे का?
विचारलं नाही.
त्यांनी हो म्हटलं असतं तर?

दाराच्या खुंटीवर खिळ्यांचा पट्टा आहे,
अल्बानोच्या आजोबांनी केलेला.
लांडगा नेहमी गळा धरतो, म्हणून.
नऊ वर्षं त्रिगुनं तो वागवला.
लांडगा आला नाही.
जे आलं त्याला गळा लागलाच नाही.

देओलिंदा म्हणाली, "कुत्रंच ना गं ते.
माझा नवरा गेला तेव्हा एवढी रडली नव्हतीस."
खरं होतं. तिला तसं सांगितलं.
चार दिवस बोलली नाही,
पाचव्या दिवशी अंडी घेऊन आली.

रुई लक्झेंबर्गहून फोनवर: आई, पिल्लू आण.
मी म्हटलं, बघू.
बघू म्हणजे नाही, हे त्याला कळतं,
तरी दर रविवारी विचारतो.

एका रात्री अल्बानोनं त्याची दोरी चुलीत टाकली.
मला न विचारता.
सकाळी राखेत ती जशीच्या तशी, वेटोळं घालून,
एकेक पेड मोजता येईल अशी.
चिमटा लावायचा धीर दोघांनाही होईना.
शेवटी मीच फुंकर मारली.

दही मात्र थांबत नाही.
मेंढ्या विल्या की दूध येतं,
काटेरी फुलांनी ते विरजतं,
आणि मग फडक्यात बांधून पिळावं लागतं.
तेच जमेना.
टोकं हातात घेतली की डोळ्यांपुढे ती लादी.
महिनाभर अल्बानोनं पिळलं,
चीज पाणचट झालं, गिऱ्हाइकं बोलली नाहीत.
धुतलेल्या चादरी मी तशाच निथळत टांगल्या,
खाली बादल्या लावल्या.

आज पहाटे तो खोकत होता, म्हणून उठले नाही म्हणाला.
म्हणून मीच गेले.
फडकं गार. मेंढ्या ओरडत होत्या.
एकदा फिरवलं.
निवळी धार धरून पडली,
मग थेंब, मग थेंबही नाही.
आणि मग, त्याची काही गरज नसताना,
उलट्या बाजूनं, सावकाश,
सुरकुती न् सुरकुती सुटेपर्यंत
मी ते फडकं परत फिरवत राहिले.