डॉली

वीस वर्षं मी दात कोरले.
वाटलं होतं, ड्रिल तरी आपल्या हातातलं आहे.
पण पत्रा 'आ' करत नाही,
दुखलं तर सांगत नाही.
चुकलात, की भोकाच्या कडेला
केसाएवढी चीर गुपचूप ठेवून देतो
आणि ती चीर थांबते,
दोन वर्षं, पाच वर्षं,
आपण तीन हजार फुटांवर जाईपर्यंत.

उस्ताद मैनोद्दीननी माझं पहिलं भोक
नखानं तपासलं. फक्त नखानं.
"बर है. डाक्टरनी, पैले किनारा घिसना सीको.
जहाज बाद में उडाव."

म्हणून अख्खा चैत्र
जालन्यात, बियाण्यांच्या गोदामामागच्या तापल्या शेडात
मी नुसत्या कडा घासत होते.
विमानाची शेपूट लाकडी पेटीत, भिंतीला टेकलेली,
एकही खिळा न उपटलेला.
वर आमचे जेवणाचे डबे.

चिकलठाण्याच्या वर्कशॉपात
उस्तादांनी एकतीस वर्षं एसटीला अंग दिलं.
सांगाडा यायचा, हे पत्रा चढवायचे,
लाल रंग लागून गाडी निघून जायची
गंगाखेडला, किनवटला, कुठंही.
स्वतः विमानात कधी बसले नाहीत.
कान बंदुकीनं नेले. रिव्हेटच्या बंदुकीनं,
थोडे थोडे करून, पगारासोबत.
आता ते तळहातानं ऐकतात.

रिव्हेट एकट्यानं बसत नाही.
एक जण बाहेरून बंदूक धरतो,
दुसरा आत, अंधारात, डॉली लावून.
डॉली म्हणजे मुठीएवढा लोखंडी ठोकळा.
तिचं काम एकच : मागं सरायचं नाही.

मी घोडा दाबला. तड्तड्तड्.
पहिली तिरकी बसली.
दुसरी भाकरीसारखी चेपली.
तिसरीला बंदूक सटकली
आणि पत्र्यावर चंद्रकोर उमटली.
"हँसी," उस्ताद म्हणाले. "देखो, तुमको हँसी वो."

मग वाईट रिव्हेट काढायची शिकले.
ठोकण्याहून अवघड.
डोकं बरोबर मधून कोरायचं
आणि भोक तसूभरही वाढू द्यायचं नाही.
हे मात्र मला येत होतं.
किडकं काढताना चांगलं राखायचं,
यावरच घर चाललंय माझं.
उस्तादांनी पहिल्यांदाच चष्मा कपाळावर ढकलला.

ज्येष्ठात घनसावंगीला दातांचं शिबिर होतं.
एसटीत खिडकीखालच्या रांगेवरून बोट फिरवत गेले,
अंबड येईपर्यंत एकशे बारा.
शेजारची बाई जरा सरकून बसली.
सगळ्या शाळेच्या प्रार्थनेसारख्या सरळ,
तेविसावी तेवढी हसरी.
सोमवार असेल. किंवा घरी कुणाचं पोर
तापानं फणफणत असेल.

उस्तादांना सांगितलं, जोरात, दोनदा.
"गाडी का नंबर?"
सांगितला.
बराच वेळ ते पत्र्याच्या छताकडं बघत बसले.
"बंदूक मेरी नै थी," म्हणाले.
चहा संपवला, कप पालथा घातला.
"अंदर डॉली पे मैं था."

त्या संध्याकाळी बंदूक त्यांनी घेतली.
मी पत्र्यामागं, घामानं निथळत, डॉली धरून.
तिकडून काही दिसत नाही.
मनगटात मात्र येतं :
आधी मऊ,
मग दाट,
मग एकदम काहीतरी भरल्यासारखं.
"बस!" मी ओरडले.
त्यांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.
ते थांबले होते.

पेटी अजून बंद आहे.
खिळे उद्या काढू, असं उस्ताद म्हणाले नाहीत.
सायकलला टांग मारता मारता म्हणाले,
"कल नवी कानस लाव. बारीक दाते की."