किती नंबरची जाळी

बावीस वर्षं मी लातूरच्या डाळमिलींना जाळ्या बसवतो.
तुरीला वेगळी, हरभऱ्याला वेगळी,
चुणीची तर इतकी बारीक
की बल्बापुढं धरली तर धुकं वाटावं.
कुठल्या मिलीत भोकं बुजलीत
ते मोटारीच्या आवाजावरून
मला मागच्या गल्लीत कळतं.
स्वतःची बुजलेली मात्र
चार वर्षं कळली नाहीत.

आधी उजव्या डोळ्यात कोळिष्टक आलं.
मी चष्मा पुसला.
महानंदानं पदरानं पुसला.
मग म्हणाली, अहो, जाळं काचेवर नाही.

लेझर झालं. डोळ्यात सुया झाल्या.
आता औसा रोडला, दुसऱ्या मजल्यावर,
दोन्ही हात ताणून पडलोय.
डावीकडून रक्त निघतं, उजवीकडून परत येतं,
मधे दोन पांढऱ्या नळकांड्या.
पहिलीत तांबडं बाजूला होतं.
उरतं ते पिवळं,
तुरीच्या कटासारखं, वरची निवळ.
ते दुसरीत जातं. तिथं जाडंभरडं अडकतं.
पातळ झालं की डोळ्याच्या बारीक नळ्यांतून
नीट फिरेल, असं म्हणतात.
निटुरे डॉक्टर एवढंच बोलल्या :
कुणाला फरक पडतो, कुणाला नाही.
मला आवडलं. मीही मालकाला
उतारा किती पडेल ते
आधी सांगत नाही.

मशीनपाशी निलंग्याची एक पोरगी असते, शैलजा.
तिला म्हणलं, किती नंबरची जाळी आहे आत?
ती हसली. मग आत जाऊन
पुस्तक बघून आली.
जाळी नाही काका, पोकळ धागे आहेत,
केसाहून बारीक, आणि धाग्यांनाच भोकं.
कुणी विणली असतील?
ते काही पुस्तकात नव्हतं.

आणि साखर? साखर अडकते का?
नाही काका. साखर लई बारीक.
ती पार होते, परत तुमच्याच अंगात येते.

मी छताकडं बघत राहिलो.
छताला पंखा होता, किंवा डाग.
जिच्यामुळं हे सगळं, तीच
दोन्ही चाळण्यांतून हसत निघून जाते.
मिलीतही असंच.
खडा सापडतो,
खड्याएवढी तूर सापडते,
धूळ कोण धरणार?

पंख्याचं पातं दिसलं की सांगा, म्हणली शैलजा.
तीन तास झाले. मी सांगितलं नाही,
खोटं निघालं तर, म्हणून.

घरी आलो की चुणीची जाळी बल्बापुढं धरतो,
एका बोटाच्या रुंदीत तारा मोजतो.
नवी असताना चाळीस मोजायचो, चहा पिता पिता.
मागच्या सोमवारी सात.
आज अकरा. दोनदा मोजल्या. दुसऱ्यांदा नऊ.
मग धुकं. जाळीचं का माझं,
ते मला सांगता येत नाही.

लिहून ठेवा, म्हणली महानंदा,
निटुरे बाईला दाखवू.
कॅलेंडरपाशी गेलो, सोमवार चाचपला,
अकरा लिहिले, ठळक.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणली,
मागच्या सातावरच लिहिलंत हो.