दोन, मग तीन

केक शुक्रवारी हवा होता, आणि मला सांगितलं बुधवारी.
संगीतशाळेच्या कारकून ल्युबोमिराबाई
छत्री मिटता मिटता म्हणाल्या,
"झेनॉन निवृत्त होतायत. पियानोचा आकार द्या.
बाकी तुमच्या हाताला काय सांगायचं!"

माझा हात!
सतरा वर्षं बाप्तिस्म्याचे पांढरे केक,
एकदा ट्रॅक्टर, एकदा फुटबॉलचं मैदान
(एका संघात बारा खेळाडू झाले होते).
संगीत म्हणजे मला दुकानातला रेडिओ,
तोही मिक्सरच्या घरघरीत अर्धामुर्धा.

कालिश हे पियानोंचं गाव म्हणतात.
मी आले ती सुवाल्कीहून, नवऱ्यामागे,
आणि मला या गावाचं आधी कळलं ते पीठ.

तरी बसले.
प्रोस्नावर धुकं, भट्टी तापलेली,
खसखशीचे तीन थर, मध्ये आंबट चेरी,
वर आयसिंग, सायीसारखं अलगद ओढून घेतलेलं.
पांढऱ्या पट्ट्या सुरीच्या पाठीनं आखल्या.
काळ्यांसाठी लिकोरिसच्या कांड्या,
एकसारख्या कापून, एकसारख्या अंतरावर,
दर दोन पांढऱ्यांमध्ये एक,
पट्टी धरून वहीत समास आखावा तशा नीट.
कडेला साखरेचे सूर : गोल डोकी, बारीक पाय,
काहींना शेपट्या, कारण शेपट्या बऱ्या दिसत होत्या.
झाकणाला सोनेरी मुलामा. त्यातच गुरुवारची रात्र गेली.
चार पावलं मागे सरून पाहिलं.
खोटं कशाला बोलू, मला तो आवडला.

शुक्रवारी ते आले.
धुतलेला कोट, खिशातून डोकावणारी ट्यूनिंगची किल्ली,
आणि पांढरी काठी.

गावात सगळ्यांना ठाऊक होतं,
म्हणून मला कुणीच सांगितलं नव्हतं.

माझी कानशिलं तापली.
तो मुलामा. ती झाकणावरची निळी छटा.

"हात लावू का?"
कुणीतरी त्यांना हात धुवायला नेलं, पुसायला टॉवेल दिला,
आणि ती बोटं केकच्या डाव्या टोकाहून निघाली.
एक काळी. दुसरी. तिसरी.
चौथीवर थांबली.
मागे गेली, पुन्हा आली.
"बाई, फट कुठेय?"
"फट?"
"दोन काळ्या, मग मोकळी जागा, मग तीन, मग पुन्हा मोकळी.
ती जागाच नसेल
तर मला कसं कळायचं मी कुठं आहे?"

मुलं हसली. ते नाही हसले.
त्यांना खरंच वाट चुकल्यासारखं झालं होतं,
अंधारात जिना उतरताना
एक पायरी जास्त निघावी तसं.

मग म्हणाले, "सोपं आहे. इकडे या."
माझं बोट धरून एका कांडीवर टेकवलं.
"ही काढा."
काढली. त्यांनी खाल्ली.
"आता ही."
सातांमागे दोन जास्तीच्या.
चार सप्तकं, आठ कांड्या :
पाच त्यांनी खाल्ल्या, तीन मी,
आणि आयसिंगवर आठ खाचा राहिल्या,
दात पडलेल्या पोराच्या हिरड्यांसारख्या.

त्यांनी पुन्हा डावीकडून सुरुवात केली.
दोन. तीन. दोन. तीन.
या वेळी बोटं थांबली नाहीत.
उजव्या टोकाला पोचल्यावर ते काही बोलले नाहीत,
फक्त अंगठ्याची साखर चाटली.
"आणि हे कडेचे गोळे?"
"सूर."
"शेपट्या कशाला?"
"बऱ्या दिसतात."
"मग असू द्यात."

झाकणाला त्यांनी हात लावला नाही.
मुलामा ल्युबोमिराबाईंच्या वाट्याला गेला,
दिवसभर त्यांचे ओठ चमकत होते.

सोमवारी एक मुलगी आली. भावासाठी गिटार हवी म्हणाली.
मी मिक्सर बंद केला.
तारा किती, ते विचारलं. सहा. लिहून घेतलं.
मग विचारलं, तो केक कशानं बघेल?

ती माझ्याकडे बघतच राहिली.
"डोळ्यांनी," म्हणाली.
तेही लिहून घेतलं.