नवव्या खाटेवरचा म्हातारा

सूरच्या इस्पितळात, रात्रपाळीला, नववी खाट:
होड्या बांधणारा म्हातारा सुतार.
फाइलसाठी नाव विचारलं, तर सुरूच झाला:
सईद बिन खल्फान बिन हमद बिन मुसल्लम...
सातव्या बिनला माझं पेन थकलं.

"और तुम?"
मी प्रणाली. बाबा दत्ताराम. आजोबा भागोजी. पणजोबा—
फळी संपून एकदम खाली पाणी दिसावं,
तशी थांबले.

ईसीजीच्या उरलेल्या गुलाबी पट्टीमागे
एक रेघ ओढली, वरच्या टोकाला प्रश्नचिन्ह.
इथे पहाटेचे पाच, म्हणजे जयगडला साडेसहा.
आत्या नळावर होती, फोनमध्ये हंडा वाजत होता.
"भागोजीचा बापूस? राघो. गलबतावर तांडेल.
मस्कतचा खजूर आणी, म्हणत."
"आणि पणजी?"
"राघोची बायको."
"नाव, आत्या."
"सासरचं जानकी. माहेरचं...
ता कोन इचारतंय आता?"

मी विचारतेय.

जानकी पेन्सिलीनं लिहिलं. खोडता येईल असं.

सलाइन बदलताना म्हाताऱ्याला म्हटलं,
"बाबा, तुमच्या सात बिनांत आई कुठाय?"
त्यानं दाराकडे पाहिलं, शेजारच्या खाटेकडे पाहिलं,
मास्क जरा खाली ओढला.
"मूझा."
जणू धक्क्यावर कुणी कंदील वर धरला
आणि लगेच पदराआड घेतला.
ते नाव मी फाइलमध्ये लिहिलं नाही.

शुक्रवारी आत्याचाच फोन:
वेळणेश्वरला एक म्हातारी आहे, जानकीच्या माहेरची असेल, नसेलही.
तिला ऐकू येत नाही.
मोठ्यानं विचारते, म्हणाली.