पाचवा मणका

आवेरोच्या दफनभूमीत मुदत संपली
की जागा मोकळी करून द्यावी लागते.
पालिकेचं पत्र येतं, वीजबिलासारखंच,
खिडकीच्या पाकिटातून.

मी सकाळी आठला पोचले. झुल्मीरा आली नाही.
आबीलियूने फावडं बाजूला ठेवलं, हातानेच माती सारली,
आणि तुझं एकेक हाड चादरीवर मांडत गेला,
तांदूळ निवडावे तशा सवयीने.

मृत्यूच्या दाखल्यावर लिहिलंय : फेलिस्मिना, विधवा, गृहिणी.
मिठागराचं नाव नाही. फळीवरून चढत
ढिगाऱ्याच्या टोकापर्यंत नेलेल्या टोपल्यांचं नाही.
ओल्या मिठाची टोपली, डोक्यावर, अनवाणी,
अठ्ठावीस उन्हाळे.

कमरेपाशी आल्यावर तो थांबला.
"हा सुटत नाही," म्हणाला.

पाचवा मणका.
उजवीकडे मोकळा, शहाण्या पोरासारखा.
डावीकडे मात्र त्याचा पंख रुंद होऊन
खालच्या हाडात असा मुरलेला
की मणका कुठे संपला आणि बूड कुठे सुरू झालं
ते बोटाला कळेना.

"हे जन्मापासूनचं.
काहींचं असतं असं. बाईला स्वतःला पत्ता नसतो."
तीस वर्षं पाठी उचलतोय तो,
डॉक्टर नाही, पण मी ऐकून घेतलं.

"आणि हे?"
वरच्या दोन मणक्यांच्या कडांना चोची फुटलेल्या,
एक खालून वर आलेली, एक वरून खाली,
मध्ये नखाएवढी फट ठेवून थांबलेल्या :
अबोला सुटायच्या आधीच
वारलेल्या दोन शेजारणी जशा.

"हे मिठाचं," तो म्हणाला.

बाबा फोटोच्या वेळी ओरडायचे, सरळ उभी राहा.
पाद्रीबुवांना वाटायचं, गुडघे टेकत नाही, ताठा आहे बाईला.
दवाखान्यात गोळ्या दिल्या, वय झालंय म्हणाले,
तेव्हा तू त्रेचाळीसची होतीस.
मीही म्हणाले होते एकदा. काय ते आठवत नाही,
आठवतंय. जाऊ दे.

फक्त झुल्मीरा तुझा झगा शिवताना
डावीकडची कड दोन बोटं जास्त सोडायची.
का, असं कुणी विचारलं नाही,
तिलाही सांगता आलं नसतं.
टेप लावायची, दोन बोटं सोडायची,
आणि तू रस्त्यातून जाताना घेर सगळीकडून सारखा दिसायचा.

पेटी लहान असते. मांडीच्या हाडावर ठरते तिची लांबी.
बाकीचे मणके एकात एक बसले, सुटे, समजूतदार.
ते जोडलेलं हाड काही केल्या बसेना,
आबीलियूने दोनदा फिरवून पाहिलं,
मग मला म्हणाला, तुम्ही ठेवा.

मी आधी बादलीत धुतलं.
चोचीवरून अंगठा फिरवला, गाळ निघेपर्यंत.
मग आडवं ठेवलं, डावी बाजू वर. बसलं.

संध्याकाळी घरी
माशाला मीठ लावताना अंगठा चुरचुरला.