दोन वाजून दहा

बाजार समितीच्या मागच्या खोलीत
आधी बारदाना ठेवत, आता सर्व्हर आहे.
मे महिन्यात बाहेर शेहेचाळीस, आत वीस,
म्हणून दुपारी अडते येतात, एखादा मापारी येतो,
"काही बिघडलं का साहेब?"
आणि अर्धा तास विचारत बसतात.
काही होऊ न देणं, एवढंच माझं काम.
ते झालं तर कोणाला दिसत नाही.

लोखंड एकच आहे. त्याच्या पोटात मी सहा मशिनी वसवल्या:
काट्याची वेगळी, तुरीच्या आवकेची वेगळी,
एक नुसती टपालाची.
सचिव येलमेवार म्हणाले, "नसलेल्या मशिनी
एकदा डोळ्यानं दाखवा तरी."
मी म्हटलं, तुमच्या भावकीची विहीर आहे ना,
पाणी एक, मोटारी चार, ठरलेली पाळी.
आपल्या पाळीत पाट भरून वाहतो
तेव्हा बाकीचे तिघं आठवतात का?
ते म्हणाले, "आठवतात ना. कोर्टात."
तेव्हापासून मेमरी वाटताना
मी थोडी हातची राखून वाटतो.

इंटरनेटचं लोकांना फार कौतुक.
मला त्यात गावच दिसतं.
कोणाचंही घर विचारा, पारावरचा म्हातारा म्हणतो,
"मले नाई माहीत, वरच्या आळीत पाय."
वरच्या आळीत म्हणतात, "चक्कीजवळ विचार."
चक्कीवाला बोट दाखवतो.
एका पत्त्यासाठी एवढी दारं,
आणि सगळं पापणी लवायच्या आत.
फक्त दारव्हा रोडला जेसीबीचा दात लागला
की पारही गेला, चक्कीही गेली.
मग सुखराम उईके येतो, बिडी विझवून कानावर ठेवतो,
छत्रीखाली बसून केसाएवढी काच
काचेला जोडतो.
त्या वेळी त्याच्याशी कोणी बोलू नये.

दोनदा हातानं केलेलं काम
तिसऱ्यांदा लिहून काढावं,
हे गजभिये सरांचं. त्यांची स्क्रिप्ट अजून चालते,
एकशे त्रेचाळीस ओळी.
मधेच एक शेरा:
"हे ओळ काढू नका. कायले लिहिली ते मलेच आठवत नाई,
पण काढली का काटा बंद पडते."
बॅकअपची वेळ: दोन वाजून दहा.

मी नवा होतो. दहा मिनिटं कशाला, म्हणून
बरोबर दोन केले.
तीन रात्री बॅकअप अर्धवट. चौथ्या रात्री
खोलीतच खुर्ची टाकून बसलो.
दोनला वावरातली लाइन आली.
पंचक्रोशीतल्या साऱ्या मोटारी एका दमात उठल्या,
हरभऱ्याला पाणी सुटलं,
ट्यूबलाइट झुकली, यूपीएस कण्हला,
आणि हळूहळू, आठ-नऊ मिनिटांनी,
सगळं आपापल्या जागी बसलं.

सरांनी हे कुठं लिहिलं नव्हतं.
तेही कधीतरी इथं असेच बसले असतील,
मनगटावरचं घड्याळ उजेडाकडं धरून.
मी दहा मिनिटं परत लावली.
का, ते शेजारी लिहिलं, माझ्या नंतरच्यासाठी.

सर गेले, तान्ह्या पोळ्याच्या दिवशी.
स्क्रिप्टला ते कोण सांगणार?
ती रोज रात्री काम संपवून
सरांच्या पत्त्यावर निरोप पाठवते: "सर्व ठीक."
पहाटे तो परत येतो:
या नावाचं इथं कोणी नाही.

येलमेवार म्हणाले, काढून टाका ना ते.
मी सांगितलं, निरोप परत आला
म्हणजे लाइन आहे, पत्ता विचारणारे जागे आहेत,
टपाल चालू आहे. तीन तपासण्या एका फटक्यात.
तांत्रिकदृष्ट्या हे खरंच आहे.

काल पहाटे तो आला नाही.
चप्पल घालायचं भान नव्हतं, तसाच धावलो.
कुठं काय, रस्त्यावर पुन्हा जेसीबी.
दुपारी सुखरामनं काच जोडली,
आणि अडलेला निरोप आला:
या नावाचं इथं कोणी नाही.
मी चहा सांगितला. दोन.