सत्तेचाळीस नंबरची काच

नॅकची कमिटी यायच्या आधी यादी हवी होती,
म्हणून माटुंग्याच्या कॉलेजातलं, तिसऱ्या मजल्यावरचं
ते सागवानी कपाट उघडलं.
एकेका काचेवर एकेक चकती,
तपकिरी, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ.
एकतीस कोटी वर्षांपूर्वीचं खोड.

दगड विलायतेच्या कोळशाच्या खाणीतले.
कापायचे, घासायचे तांडेलमामा,
वरळी कोळीवाड्याचे, हजेरीपटावर ‘प्रयोगशाळा परिचर’.
“आमच्या वरळीच्या दगडात बेडूक निघालेले,” म्हणायचे,
“झाड काय निघालं नाय. झाड बाहेरनं मागवावं लागतं.”

त्यांनीच शिकवलं मला,
आडवा छेद म्हणजे सुरमईची तुकडी.
काटा कुठे, मांस कसं बसलंय ते बघायचं,
मुंडी नसली तरी मासा कळतो.
मी डोळा लावला :
मधे गर, भोवती सैल काष्ठाचं कडं,
सालीत जाळीसारखे काळे पट्टे.

पान नेच्याचं. अगदी नेच्याचंच.
म्हणून किती वर्षं पान एका खणात राहिलं
आणि बी दुसऱ्या खणात, बेवारशी.
मग कुणाला तरी दिसलं,
देठावर डोकं फुगलेल्या बारीक ग्रंथी,
आणि बीच्या पेल्यावरही त्याच.
शाळेच्या दाखल्यावर असायचं ना,
ओळखीची खूण : उजव्या भुवईवर तीळ.
तेवढ्यावर दोघं एका घरची ठरली.

फूल नव्हतं अजून जगात.
बीच्या तोंडाशी नुसती एक कोठडी,
तिच्यात वाऱ्यावर आलेले दोन-तीन पराग,
आत बोलावतील म्हणून थांबलेले.
आणि गर्भ?
“या जुन्या बियांत तो जवळजवळ सापडतच नाही,”
सर सांगायचे, आणि उगाच चष्मा पुसायचे.

सत्तेचाळीस नंबरची काच कोरी.
लेबल मात्र आहे, डिंकाने नीट चिकटवलेलं,
तांडेलमामांचं अक्षर, एकेक वेलांटी पुरी केलेली :
“बी. उभा छेद. एकच होतं.
कोठडी दिसत होती. अजून जरा घासू म्हटलं.
गेलं. ता. १९ डिसेंबर, दुपारी.”

काच उजेडाकडे धरली.
पलीकडे कबुतरांसाठी लावलेली जाळी,
तिला अडकलेलं एक पीस.
काचेच्या कोपऱ्यात घासायच्या पुडीचा कण,
राहून गेलेला, चमकला.

यादीत रकाने चार.
‘स्थिती’खाली ‘रिकामी’ लिहिलं, खोडलं.
‘शेरा’ :
टाकून देऊ नये.